उन्हाळी सुट्टीतला हिमालय आणि हिमस्खलन: निघायचं कधी, वळायचं कुठून

हिमस्खलन म्हटलं की आपल्याकडे सियाचीन नाहीतर एव्हरेस्ट आठवतं, आणि आपण काही तिथे जात नाही म्हणून विषय मिटतो. अलीकडच्या तीन घटना पाहा. २३ एप्रिल २०२१ ला उत्तराखंडच्या नीती खोऱ्यात, सुमना भागात, रस्त्याच्या कामावरच्या मजुरांच्या तळावर हिमस्खलन आलं. ४ एप्रिल २०२३ ला सिक्कीममध्ये गंगटोक ते नाथू ला रस्त्यावर बर्फात खेळायला उतरलेल्या पर्यटकांपैकी सात जण हिमस्खलनात दगावले. त्यांचे पास तेराव्या मैलापर्यंतचे होते, दुर्घटना पंधराव्या मैलाजवळ झाली. २८ फेब्रुवारी २०२५ ला बद्रीनाथजवळ माणा गावापाशी सीमा रस्ते संघटनेच्या छावणीतले ५४ कामगार हिमस्खलनाखाली सापडले, त्यांतले आठ दगावले. यांतलं कुणीही शिखर चढत नव्हतं.

मार्च ते मे हा आपला हिमालयात जायचा हंगाम. परीक्षा संपतात, पुण्या-मुंबई-नाशकातून बॅचेस सुटतात. बियास कुंड, भृगू लेक, सार पास, थोडं पुढे रूपिन पास. नेमका याच काळात तिथला बर्फ हिवाळ्यातल्यापेक्षा निराळा वागायला लागतो. खालचं सगळं मुख्यतः मनालीच्या आसपासचा पीर पंजाल डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे, दोर आणि क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे धातूचे टोकदार दात) लागणारी मोहीम न करणाऱ्या पण बर्फावरून चालणाऱ्या माणसासाठी. स्की टूरिंग करणाऱ्यांना बहुतेक गोष्टी तशाच लागू पडतील.

आधी बर्फाचं वागणं

हिवाळ्यात बर्फाचा थर वरच्या बाजूला खूप थंड आणि जमिनीलगत शून्य अंशांच्या आसपास असतो. मार्चपासून ऊन चढतं तसा वरचा बर्फ दिवसा वितळतो आणि पाणी खाली झिरपू लागतं. वाटेत एखादा घट्ट पापुद्रा किंवा जुना ठिसूळ थर लागला की पाणी तिथे अडतं आणि त्या पातळीवरची पकड सुटते. हळूहळू अख्खा थर वरपासून खालपर्यंत शून्यावर येतो. मग त्याला घट्ट धरून ठेवणारी एकच गोष्ट उरते, रात्रीचं गोठणं. रात्री पुन्हा गोठला तर सकाळी तो सिमेंटसारखा टणक असतो. नाही गोठला, तर पहाटे पाचलाही त्याच्यावर विश्वास टाकता येत नाही.

पाणी पहिल्यांदा खोलवर झिरपतं तो काळ सगळ्यात वाईट. म्हणून मार्चअखेरीस किंवा एप्रिलमध्ये अचानक चार-पाच दिवस उष्मा वाढला तर तो आठवडा मे महिन्यातल्या तशाच आठवड्यापेक्षा जास्त धोक्याचा असू शकतो. मेपर्यंत बर्फ कित्येक वेळा वितळून-गोठून झालेला असतो, पाण्याने थरातून आपल्या वाटा करून घेतलेल्या असतात आणि कण मोठे, दाणेदार होतात. स्की करणाऱ्यांचा हा लाडका बर्फ: सकाळी वरचे दोन-तीन सेंटिमीटर सैल, खाली घट्ट पाया. मात्र हे सुख तास-दोन तासांचं असतं.

वसंतातला धोका ढोबळमानाने दोन जातींचा असतो आणि ही विभागणी पक्की लक्षात ठेवावी. पहिली जात उन्हाची. ओला, सैल बर्फ एका बिंदूपासून सुटतो आणि खाली पंख्यासारखा पसरत जातो, किंवा पाण्याने सुटी झालेली अख्खी लादी एकदम सरकते. ही जात घड्याळाप्रमाणे चालते, त्यामुळे घड्याळानेच टाळता येते. दुसरी जात वादळाची. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फाची वादळं, एप्रिलमध्येही येतात आणि ३,००० मीटरच्या वर एका रात्रीत फूट-दोन फूट बर्फ टाकून जातात. वाऱ्याने तो धारेपलीकडच्या उतारावर लादीसारखा रचला जातो. ही लादी कोणत्याही तासाला सुटू शकते. माणाचं हिमस्खलन जोरदार बर्फवृष्टी चालू असताना भल्या सकाळी आलं. 'आम्ही लवकर निघालो होतो' हे उत्तर पहिल्या जातीला चालतं, दुसरीला अजिबात चालत नाही.

दोन्ही जाती एकत्र येतात त्या दिवसाला मी सगळ्यात जास्त घाबरतो, आणि तो दिवस दिसायला सगळ्यात सुंदर असतो. वादळ ओसरलं, आकाश निळंशार, नवा बर्फ चकाकतोय, आणि दोन दिवस तंबूत अडकलेली मंडळी बाहेर पडायला उतावीळ. नव्या बर्फावर एप्रिलचं ऊन पहिल्यांदा पडतं तेव्हा सगळीकडून एकाच वेळी हिमस्खलनं सुटतात. वादळानंतर निदान एक दिवस आणि एक चांगली गोठलेली रात्र जाऊ द्यायची. कार्यक्रमात राखीव दिवस नसेल तर हे जमत नाही, म्हणून तो दिवस घरी असतानाच ठेवावा लागतो.

बुकिंग करताना विचारायचं ते

जेवण कसं आणि तंबूत किती जण, हे सगळेच विचारतात. त्याबरोबर हेही विचारा. या मार्गावर ३० अंशांहून तीव्र उतार कुठे ओलांडावा लागतो? त्या दिवशी किती वाजता निघता आणि किती वाजता मागे फिरता? राखीव दिवस आहे का? लीडरने हिमस्खलनाचं प्रशिक्षण कुठे घेतलं? शेवटच्या प्रश्नावर 'आमचा लीडर लोकल आहे, त्याला सगळं माहीत असतं' असं उत्तर आलं तर मी दुसरी संस्था बघतो. स्थानिक माणसाचं ज्ञान अमूल्य असतं. कोणत्या नाल्यातून दरवर्षी बर्फ उतरतो हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. पण कोसळलेल्या बर्फाखालून माणूस शोधून काढणं हे वेगळं कौशल्य आहे आणि ते सरावाने येतं.

बॅचचा आकारही विचारा. बर्फावर वीस-पंचवीस जणांची रांग सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या वेगाने जाते, म्हणजे सातला पोचायचं ते नऊला पोचतं. वसंतात दोन तासांचा उशीर म्हणजे वेगळाच उतार.

स्वतः शिकायचं असेल तर मनालीची अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था, उत्तरकाशीची नेहरू पर्वतारोहण संस्था आणि दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट या संस्था बर्फावर चालण्याचं मूलभूत शिक्षण देतात. वाचून हाताला सवय लागत नाही, हे या लेखालाही लागू आहे.

निघण्याच्या आठवडाभर आधीपासून दोन गोष्टी रोज बघायच्या. एक, हवामान खात्याच्या शिमला किंवा डेहराडून केंद्राचा अंदाज, विशेषतः पश्चिमी विक्षोभाचा उल्लेख. दोन, डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचं हिमस्खलन पत्रक. ही संस्था पूर्वी मनालीजवळच्या 'सासे' या नावाने ओळखली जायची आणि अटल बोगद्याच्या तोंडाशी धुंदीला तिचं निरीक्षण केंद्र आहे. पत्रकात जिल्हा, उंची आणि रंगांच्या भाषेत धोक्याची पातळी असते. 'अमुक जिल्ह्यात २,८०० मीटरच्या वर' असं लिहिलेलं असेल तर तुमचा तळ कुठल्या उंचीवर आहे ते आधी पाहा. मधल्या पातळीचा रंग बघून लोक निर्धास्त होतात, ते चूक आहे. बहुतेक अपघात सर्वोच्च पातळीच्या दिवशी होत नाहीत, कारण त्या दिवशी कुणी बाहेरच पडत नाही. आणि ही पत्रकं मोठ्या प्रदेशासाठी असतात. तुमच्या समोरच्या उताराचा निकाल तुम्हालाच लावायचा असतो.

आदल्या रात्रीचं आकाश

उद्याचा बर्फ कसा असेल हे आज रात्रीच्या आकाशावरून कळतं. निरभ्र, कोरड्या रात्री बर्फाचा पृष्ठभाग आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडतो, इतकी की हवेचं तापमान शून्याच्या दोन-तीन अंश वर असूनही वरचा बर्फ गोठू शकतो. ढग आले की हे थांबतं. ढगाळ रात्री थर्मामीटर शून्याखाली दाखवत असला तरी गोठलेला पापुद्रा पातळ आणि फसवा असतो. म्हणजे 'उणे दोन होतं' एवढ्यावर काही ठरवता येत नाही.

मी करतो ते असं. झोपण्यापूर्वी तंबूबाहेर येऊन आकाश बघायचं. पहाटे तीनला गजर लावून पुन्हा बघायचं. दोन्ही वेळा तारे स्वच्छ असतील तर पुढची पायरी: तंबूपासून दूर, न तुडवलेल्या बर्फावर उभं राहायचं. पूर्ण वजन टाकून पाय रुततो का? काठीचं टोक जोर लावून खुपसायचं. पापुद्रा बोटभर जाडीचाच असेल आणि खाली ओला, सैल बर्फ लागत असेल तर तो सूर्य उगवल्यावर तासाभरात जाईल. वीतभर खोलपर्यंत टणक असेल तर सकाळ आपली. मध्यरात्री ढग येऊन गेले असतील, वारा दमट असेल, पाय घोट्यापर्यंत आत जात असेल, तर त्या दिवशी तीव्र उतारांचा बेत रद्द. चहा करून परत झोपावं. रात्री पाऊस पडला असेल तर विचारसुद्धा करू नये. बर्फावर पडणारा पाऊस हा कोणत्याही उन्हापेक्षा झपाट्याने थर सैल करतो, आणि एप्रिलमध्ये ३,००० मीटरवर पाऊस पडणं यात आश्चर्य काही नाही.

वेळेचं गणित उलटं करायचं

सह्याद्रीत आपण 'सकाळी नाश्ता करून निघू, संध्याकाळपर्यंत परतू' असं ठरवतो. इथे शेवटापासून सुरुवातीकडे यायचं. बियास कुंडाचं उदाहरण घेऊ. सोलंगच्या पुढे धुंदी, तिथून नदीकाठाने बकरथाच, तिथे मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी साधारण ३,७०० मीटरवरचं कुंड बघून परत. हनुमान टिब्बा, फ्रेंडशिप, शितिधार यांच्या उतारांनी वेढलेली ही दरी आहे. वाट स्वतः सौम्य आहे, पण तिच्या डोक्यावरचे उतार सौम्य नाहीत.

एप्रिलअखेर, बर्फ भरपूर. अकरापर्यंत बकरथाचला परत हवे. उतरायला दोन तास, म्हणजे नऊला कुंड सोडायचं. तिथे अर्धा तास फोटो. चढायला बर्फात साडेतीन तास. म्हणजे पाचला निघालं पाहिजे. गटासाठी अर्धा तास जास्तीचा धरा: साडेचार. आणि नऊला तुम्ही जिथे असाल तिथून मागे फिरायचं, कुंड दहा मिनिटांवर असलं तरी. ही वेळ आदल्या संध्याकाळी सगळ्यांसमोर सांगून ठेवायची. उंचीवर, दमलेल्या डोक्याने, 'इतक्या लांब आलोय' म्हणणाऱ्या दहा जणांसमोर ती नव्याने ठरवता येत नाही.

सार पासच्या मार्गावर टिला लोटनीच्या तळावरून काळोखात उठवून बाहेर काढतात तेव्हा मंडळी कुरकुरतात. त्यामागे हेच गणित आहे. रूपिन पासची शेवटची बर्फाची घळ सकाळी लवकर चढून टाकतात तेही त्याचसाठी, शिवाय ऊन लागल्यावर वरून दगड सुटायला लागतात ते वेगळंच.

उतार कोणत्या दिशेला तोंड करून आहे यावर त्याची वेळ ठरते. पूर्वेकडचे उतार सूर्योदयापासून भाजायला लागतात, एप्रिलमध्ये तिकडे सूर्य सहाच्या आसपास उगवतो आणि साडेआठ-नऊपर्यंत पूर्व उतार सैल झालेले असतात. मग दक्षिणेकडचे, दुपारी पश्चिमेकडचे. उत्तरेकडचे उतार सावलीत म्हणून सुरक्षित, हे आल्प्सच्या अनुभवावर लिहिलेल्या पुस्तकांतून आपल्याकडे आलेलं मत आहे. मनाली ३२ अक्षांशावर आहे. एप्रिलच्या सुरुवातीला तिथला माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ६५ अंश वर असतो, आल्प्समध्ये जेमतेम ५०. म्हणजे इथे ३५ अंशांच्या उत्तर उतारावरही दुपारी चांगलं ऊन पडतं. उत्तर उतार उशिरा सैल होतो, पण होतो. शिवाय त्यात हिवाळ्यातले ठिसूळ थर जास्त काळ टिकून असतात, त्यामुळे झिरपणारं पाणी तिथे पहिल्यांदा पोचतं तेव्हा मोठी लादी सुटू शकते.

लवकर निघण्याची एक किंमत आहे आणि ती फार कुणी सांगत नाही. पहाटेचा गोठलेला उतार काचेसारखा असतो. तिथे पाय घसरला तर माणूस थांबत नाही. मायक्रोस्पाइक्स, म्हणजे बुटांवर चढवायचे छोटे खिळे, किमान हवेतच. तीव्र उतारावर क्रॅम्पॉन आणि आइस अॅक्स, आणि तिने स्वतःला अडवण्याचा सराव. परतताना प्लास्टिकच्या कापडावर बसून घसरगुंडी करायची हौस असेल तर खाली सपाट, मोकळी, दगड नसलेली जागा संपूर्ण दिसत असेल तरच.

उतार वाचायचा कसा

लादीसारखी हिमस्खलनं बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. त्याहून तीव्र उतारावर बर्फ फारसा साचत नाही. पाण्याने भरलेला बर्फ मात्र ३० च्या खालीही सरकू शकतो, म्हणून ओल्या दिवसांत मी माझी मर्यादा आणखी खाली आणतो.

डोळ्यांनी कोन ओळखण्यात जवळपास सगळे फसतात. मोजावा. मोबाइलमध्ये कोन मोजायचं अॅप असतं, काठी उतारावर वर-खाली, उताराच्या दिशेने टेकवून तिच्यावर फोन ठेवला की आकडा मिळतो. फोन थंडीने बंद पडला तर दोन काठ्या पुरतात. दोन्ही १२० सेंटिमीटरवर लावा. एक सरळ उभी धरा, दुसरी तिला काटकोनात, आडवी, चढाच्या बाजूला. आडव्या काठीचं टोक उताराला टेकतं तेव्हा उभ्या काठीवर तिची उंची बघा. ७० सेंटिमीटरच्या आसपास असेल तर ३० अंश, ८४ असेल तर ३५. घरीच काठीवर या दोन खुणा टेपने करून ठेवा.

आता महत्त्वाचं. तुम्ही स्वतः सपाटीवर असाल म्हणून सुटत नाही. वर सुटलेला बर्फ खाली दरीच्या तळापर्यंत, कधी समोरच्या बाजूलाही चढतो. जिथे उभे आहात तिथून वरच्या बर्फाळ उताराच्या माथ्याकडे नजर टाका. नजरेची रेषा २५ अंशांहून जास्त चढी असेल तर तुम्ही त्याच्या आवाक्यात आहात असं धरा. मोठं हिमस्खलन याहून दूरही पोचतं. नाथू लाच्या रस्त्यावरचे पर्यटक याच अर्थाने आवाक्यात होते. तंबू लावताना, जेवायला बसताना, फोटोसाठी थांबताना ही नजर टाकायची सवय लावून घ्यावी. मोडलेल्या किंवा एकाच दिशेला वाकलेल्या फांद्यांची भूर्जाची झाडं, जंगलात मधोमध झाडांवाचूनचा पट्टा, वर मातीचे ढेकळे आणि फांद्या मिसळलेला मळकट बर्फाचा ढिगारा, या सगळ्या आधी येऊन गेलेल्याच्या खुणा आहेत.

सह्याद्रीत वाढलेल्या ट्रेकरची इथे एक सवय आडवी येते. आपल्याकडे नाळ म्हणजे वाट. कोकणकड्याला नळीची वाट, कितीतरी किल्ल्यांना घळीतून चढण, आणि वाट चुकली की 'नाळ धरून चल' हा सल्ला बहुधा बरोबर ठरतो. बर्फाळ हिमालयात घळ म्हणजे हिमस्खलनाचा ठरलेला रस्ता. दोन्ही बाजूंचा बर्फ तिच्यात उतरतो, बाजूला पळायला जागा नसते, आणि लहानसं हिमस्खलनही अरुंद जागेत खोल पुरतं. वाट शोधायची तर धारेचा पाठकणा, दांडा, मोठ्या खडकांची रांग, दाट जंगल यांच्या आधाराने. घळ ओलांडायचीच असेल तर सर्वांत अरुंद जागी, लवकर, एकेकाने, न थांबता.

धारेवरही दोन गोष्टी सांभाळायच्या. वाऱ्याने धारेपलीकडे वाढलेला बर्फाचा छज्जा, म्हणजे कॉर्निस, वरून चालणाऱ्याला सपाट जमीनच वाटतो. तो कोसळतो तेव्हा आपण समजतो त्यापेक्षा बराच आतून तुटतो. कडेपासून भरपूर अंतर ठेवून, शक्य असेल तिथे उघड्या खडकाच्या बाजूने चाला. दुपारी त्याच्या खालूनही जाऊ नका, कारण त्याचा तुकडा पडून खालचा अख्खा उतार सुटतो. नाल्यांवरचे बर्फाचे पूल मे महिन्यात आतून पोखरलेले असतात. पाण्याचा आवाज पायाखालून येत असेल, बर्फ मध्यभागी खचलेला किंवा काळपट दिसत असेल, तर पूल सोडून वरच्या अंगाने फिरून जा.

चालताना दिसणारे इशारे

उतारावरून आपोआप घरंगळत खाली येणारे बर्फाचे गोळे, चाकासारखे गुंडाळलेले, हा पहिला इशारा. अजून फार काही बिघडलेलं नसतं, पण बिघडायला सुरुवात झालेली असते. शेजारच्या, त्याच दिशेच्या उतारावर ताजं हिमस्खलन दिसलं तर दुसरा पुरावा शोधू नका. पायाखालचा बर्फ 'धप्प' आवाज करून बसला किंवा पायापासून तडे पळत गेले तर तिथेच थांबून, आलात त्याच पाऊलखुणांनी मागे. गवताळ किंवा गुळगुळीत कातळाच्या उतारावर बर्फात आडवी, जमिनीपर्यंत गेलेली भेग दिसते. तो थर सरकायला लागलेला असतो आणि तो कधी सुटेल हे कुणी सांगू शकत नाही, रात्रीच्या थंडीतही सुटतो. त्याच्याखालून जायचं नाही, एवढाच नियम.

सर्वांत साधी चाचणी पायाची आहे. सकाळी बूट वरच राहतो. मग तळव्याएवढा रुततो. घोट्यापर्यंत जायला लागला की तीव्र उतार सोडून निघायला सुरुवात करा. पोटरीपर्यंत किंवा गुडघ्यापर्यंत रुतत असाल तर तुम्ही उशीर केला आहे, आता सर्वात सौम्य वाटेने, उघड्या खडकांच्या आधाराने बाहेर पडा. मूठभर बर्फ हातमोज्यात दाबून बघा. गोळा होत नाही, कोरडा. गोळा होतो, ओलसर. दाबल्यावर पाणी ठिबकतं, म्हणजे खाली पाणी वाहतंय. खड्डा खणून थर तपासायच्या पद्धती आहेत, पण ओल्या बर्फात त्यांच्या निकालावर फार भिस्त ठेवता येत नाही. दहाला खणलेला खड्डा अकराचं काहीच सांगत नाही.

संशयास्पद उतार ओलांडताना एका वेळी एकच माणूस. बाकीचे सुरक्षित जागी, नजर त्याच्यावर. काठीचे पट्टे मनगटातून काढायचे, जॅकेटची चेन गळ्यापर्यंत. शक्य तितक्या वरून ओलांडायचं, म्हणजे डोक्यावर कमी बर्फ राहतो. पलीकडे पोचल्यावर उताराखाली थांबून पाणी पीत बसायचं नाही. मनोरंजनासाठी डोंगरात गेलेल्यांच्या अपघातांत बहुतेक वेळा ते हिमस्खलन त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच गटातल्या कुणीतरी सुरू केलेलं असतं, हे लक्षात घेतलं की रांगेने ओलांडण्याची घाई आपोआप कमी होते.

सामान

हिमस्खलनाच्या भागात जाणाऱ्या प्रत्येकाकडे तीन वस्तू हव्यात: ४५७ किलोहर्ट्झवर चालणारा बीकन (पुरलेल्या माणसाचा संकेत पाठवणारं आणि पकडणारं यंत्र), किमान २४० सेंटिमीटरचा प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची घडीची काठी) आणि धातूचं फावडं. गटात एक संच असून भागत नाही, कारण ज्याच्याकडे आहे तोच पुरला गेला तर? बीकन अंगावर, कपड्यांच्या आत, सकाळी चालू करून एकमेकांचे तपासून मगच निघायचं. मोबाइल आणि इतर इलेक्ट्रॉनिक वस्तू त्यापासून २० सेंटिमीटर दूर, शोध चालू असताना ५० सेंटिमीटर.

आपल्या बहुतेक ट्रेकिंग बॅचेसकडे यांतलं काही नसतं. गुलमर्गसारख्या ठिकाणी भाड्याने मिळतं, इतरत्र दुर्मिळ आहे. नसेल तर त्यावरचा उपाय सरळ आहे: तीव्र उतार आणि त्यांचा आवाका दोन्ही टाळणारी वाट निवडा, नाहीतर तो ट्रेक जूनमध्ये करा.

हिमस्खलनात कुणी सापडलंच तर

स्वतः सापडलात तर ओरडा, काठ्या फेका, बाजूला निसटायचा प्रयत्न करा. पडलात तर वर राहायची धडपड करा. वेग कमी होताना एक हात तोंडासमोर आणून श्वासाला जागा करा आणि दुसरा वर रेटा. ओला बर्फ थांबताक्षणी दगडासारखा घट्ट होतो, त्यानंतर बोटही हलवता येत नाही. म्हणून हे सगळं तो हलत असतानाच.

बाहेर असलेल्यांनी पहिली गोष्ट म्हणजे माणूस शेवटचा कुठे दिसला ती जागा डोळ्यांनी पकडून ठेवायची. वरून अजून काही येणार नाही याची खात्री करायची, माणसं मोजायची. पहिल्या १०-१५ मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी बहुसंख्य वाचतात, त्यानंतर शक्यता झपाट्याने घसरते. कुठलंही हेलिकॉप्टर इतक्यात येत नाही. जे करायचं ते तिथल्या माणसांनी. मदत मागायला सगळा गट पळाला तर शोधायला कुणी उरत नाही.

बाकीच्यांचे बीकन शोधाच्या स्थितीत आणा. एकटा शोधणारा असेल तर ढिगाऱ्यावर ४० मीटर अंतराच्या नागमोडी फेऱ्या मारत खाली या. चालता चालता हातमोजा, काठी, बूट असं वर काही दिसतं का ते बघत राहा. संकेत मिळाला की आकडा कमी होत जाईल तसे हळू व्हा, शेवटचे तीन मीटर बीकन बर्फाला टेकवून. सर्वात लहान आकड्याच्या जागेपासून बाहेरच्या दिशेने वर्तुळाकार, २५ सेंटिमीटरवर प्रोब खुपसत जा. लागला की प्रोब तिथेच ठेवा. खणायचं प्रोबच्या खालच्या अंगाने, पुरलेल्या खोलीच्या साधारण दीडपट अंतरावरून, माणसाच्या दिशेने आत शिरत. एक पुढे कापतो, मागचे बर्फ बाहेर लोटतात, दर मिनिटाला पुढचा बदलायचा. ओल्या बर्फात हातांनी खणणं अशक्य आहे, म्हणून फावडं.

बीकन नसतील तर शेवटच्या दिसलेल्या जागेखाली नजर आणि कान. मग ढिगाऱ्याचं खालचं टोक, वळणाची बाहेरची बाजू, मोठ्या दगडांच्या आणि झाडांच्या वरचा भाग, जिथे बर्फ साचतो तिथे माणूसही अडकतो. प्रोब नसेल तर तंबूचे किंवा ट्रेकिंगचे दांडे.

चेहरा सापडला की आधी नाका-तोंडातला बर्फ काढा, छाती मोकळी करा. श्वास नसेल तर लगेच कृत्रिम श्वास आणि छातीवर दाब, पूर्ण बाहेर काढायची वाट न बघता. ओल्या हिमस्खलनात हाडं मोडण्याचं प्रमाण मोठं असतं, तेव्हा मान आणि पाठ सांभाळा. गारठलेल्या माणसाला आडवं ठेवून, धसके न देता हलवा, खाली मॅट घाला, ओले कपडे बदला. चोळू नका आणि दारू तर मुळीच नको.

मदतीसाठी ११२. राज्याच्या आपत्ती कक्षाचा १०७० आणि जिल्ह्याचा १०७७. पण सोलंगच्या पुढे, बकरथाच किंवा सार पासच्या वर, बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. रेंज शेवटची कुठे मिळाली ती जागा जाताना लक्षात ठेवा आणि दोघांना एकत्र तिथवर पाठवा, लिहिलेल्या चिठ्ठीसह: ठिकाण, वेळ, किती जण पुरले, किती जखमी, उतारावर अजून धोका आहे का. यावर उपाय म्हणून परदेशातल्या मित्राकडून सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर मागवायचा विचार कुणाच्या मनात येईल. भारतात परवान्याशिवाय ही उपकरणं जवळ बाळगणं बेकायदेशीर आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी धावपटूला याच कारणाने ताब्यात घेतलं होतं. त्यापेक्षा निघण्यापूर्वी गावातल्या हॉटेलमालकाकडे किंवा पोलीस चौकीत मार्ग, माणसांची नावं आणि परतायची वेळ लिहून द्या, आणि परतल्यावर तिथे जाऊन 'आलो' म्हणून सांगा, नाहीतर तुम्ही गरम पाण्याने आंघोळ करत असताना चार माणसं रात्री तुम्हाला शोधायला वर निघतील.